ऋतिकाच्या गौरीचा नैवेद्य

माया शिरसाट आमच्या वाचनालयात पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला हाकलायच्याच बेतात होते. तेव्हा समितीने एक कॉम्प्युटर आणून माझ्या टेबलाशेजारी मांडला होता आणि त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला होता. मुलं पुस्तकांच्या कपाटाकडे पाठ करून त्या पडद्यासमोर घोळका करायची. 'गणेशोत्सव माहिती मराठी' असं टाइप करायचं, जे पहिलं येईल ते छापायचं, कडेने चकाकी चिकटवायची आणि शाळेत द्यायचं, अशी त्यांची प्रोजेक्टची रीत. एका आठवड्यात तोच एक कागद अकरा नावांनी छापून गेला. शाई वाचनालयाची. मला राग येणार नाही तर काय!

अशा एका शनिवारी ही बाई दारात उभी राहिली. एमआयडीसीतल्या खोके बनवणाऱ्या कंपनीत स्टोअरला कामाला, राहायला टिटवाळ्याला. चाळिशीची, किरकोळ अंगाची, खांद्याला डब्याची पिशवी. म्हणाली, "बाई, शनिवारी माझी पाळी लवकर सुटते. पोरांना नेटवर शोधायला मी शिकवू का? पैसे नकोत."

मी म्हटलं, "शिकवायला आहे काय त्यात? त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं."

"शोधता येतं, बाई. विचारता येत नाही," ती म्हणाली.

मला उलट उत्तरं आवडत नाहीत. पण हे आवडलं.

मानपाडा रोडवरचं आमचं वाचनालय म्हणजे दीड खोली. गेली सहा वर्षं त्यातल्या अर्ध्या खोलीवर शनिवारी दुपारी मायाचं राज्य असतं. तिचा कायदा एकच. सणाचं प्रोजेक्ट असेल तर आधी घरी विचारायचं, मग माउसला हात लावायचा. दोनशे पानी वहीच्या डाव्या पानावर 'आमच्या घरी', उजव्या पानावर 'नेटवर'. डावं पान कोरं असेल तर पोराला आल्या पावली परत पाठवायची. आईबाप येऊन भांडले तरी बधायची नाही. एका आईने तर मलाच सुनावलं, की प्रोजेक्ट सोमवारी द्यायचंय आणि तुमची बाई आजीला फोन करायला सांगतेय! मी मनातून खूश झाले आणि तोंडाने "बघते हं" म्हटलं.

उजवं पानही ती सहजासहजी भरू देत नसे. हे कोणी लिहिलंय? कुठल्या गावचा माणूस आहे? दुसरीकडे वेगळं लिहिलंय ते का? एकदा मयूर नावाच्या मुलाने नेटवरून होळीचा झकास फोटो छापून घेतला. मायाने विचारलं, "यातल्या किती माणसांना तू ओळखतोस?" फोटोतले सगळे परदेशी पाहुणे होते. मयूरने निमूटपणे आपल्या चाळीतल्या होळीचं चित्र काढलं. त्यात त्याने पाण्याची टाकीसुद्धा दाखवली, कारण होळी पेटली की सगळ्यांचं निम्मं लक्ष त्या टाकीच्या प्लास्टिककडे असतं.

हा कायदा तिला सुचला कुठून, ते मी एकदा चहा पिताना विचारलं. ती हसली. पाचवीत असताना 'माझा आवडता सण' हा निबंध आला होता. तिने दिवाळी लिहिली. उटणं, मोती साबण, किल्ला, आजीच्या हातची चकली. दहापैकी नऊ मार्क पडले आणि गुरुजींनी वर्गात वाचून दाखवला. घरी तिने तो वडिलांना दिला. वडील शिवराम, फिटर होते. त्यांनी पूर्ण वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "छान लिहिलंयस गं. पण हे घर कुणाचं आहे?"

"ओरडले असते तर बरं झालं असतं," माया म्हणाली. "आमच्याकडे बुद्धपौर्णिमेला पहाटे आई पांढरी साडी नेसून खीर करायची. आख्ख्या आळीला वाटायची. मला ती खीर लिहायची लाज वाटली होती. आई वाचून विचारेल म्हणून मी महिनाभर तिच्या नजरेला नजर दिली नाही."

मी चहाचे कप उचलून आत गेले.

यंदा श्रावणात समितीने ठरवलं, मुलांच्या वह्यांतून प्रदर्शन भरवायचं. 'आपल्या घरचे सण'. प्रत्येकाचा एक कागद, कॉम्प्युटरवर टाइप करून मोठ्या अक्षरात छापलेला. चोवीस मुलं तयार झाली. पंचविसावी ऋतिका काही तयार होईना.

ऋतिका सातवीतली, मानपाडा गावातली, आगरी घरची. तिच्या डाव्या पानावर आजीने सांगितलेली गौर होती आणि उजव्या पानावर नेटवरची. नेटवर पुरणपोळी आणि सोळा भाज्या. आजीच्या गौरीला मटण, वडे आणि चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे. गौर माहेरी येते, माहेरवाशिणीचं नुसत्या गोडाधोडावर कसं भागेल? मात्र गणपतीला ते चालत नाही, म्हणून त्याच्यापुढे पडदा लावायचा, गौरीला नैवेद्य दाखवायचा आणि मग पडदा काढायचा.

"ताई, हे नको," ऋतिका म्हणाली. "वर्गातली मुलं चिडवतील. आपण पुरणपोळी लिहू ना."

"आजीने सांगताना काय केलं?" मायाने विचारलं.

"दोन तास बोलत होती. तिला कोणी विचारलंच नव्हतं कधी, असं म्हणाली. आणि बघायला येणार आहे. तिला वाचता येत नाही, मीच वाचून दाखवणार."

"मग लिही. तू लिहिशील तेच भिंतीवर लागेल. एक अक्षर इकडचं तिकडं होणार नाही. माझा शब्द."

मी शेजारीच बसले होते. तो शब्द माझ्या कानांनी ऐकला होता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे केलं ते मीच केलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी मायाला कंपनीत ओव्हरटाइम लागला. कागद तपासायचं काम माझ्याकडे आलं. शुद्धलेखन ही माझी दुखरी नस, सगळ्यांना माहीत आहे. वेलांट्या सुधारता सुधारता मी ऋतिकाच्या कागदापाशी आले. वाचलं. चार दिवसांवर गणपती. उद्या अध्यक्ष येणार, सोसायट्यांमधले पालक येणार. कोणी नाक मुरडलं तर? पोरीला कोणी हसलं तर? असं मी स्वतःला सांगितलं, पण खरं सांगायचं तर पोरीची काळजी मला दुय्यम होती. माझ्या वाचनालयाच्या भिंतीवर, गणपतीच्या तोंडावर मटण लावायचं, हेच मला झेपत नव्हतं. मी जन्मात कधी मांसाहार केलेला नाही. मी त्या चार ओळी काढल्या आणि लिहिलं, 'गौरीला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात.' छापून काढलं. वेलांट्या अगदी चोख होत्या.

रविवारी सकाळी दहाला दीड खोली फुलून गेली. अध्यक्ष फीत कापून खुर्चीत बसले. ऋतिका आजीला घेऊन आली. गंगुबाई हिरवं लुगडं नेसून, अंबाड्यावर अबोलीचा गजरा माळून, लग्नाला आल्यासारखी आली होती. माया टिटवाळ्याहून नुकतीच पोचली होती, तिने अजून कागद पाहिले नव्हते. ती आजीला घेऊन भिंतीपाशी गेली.

ऋतिका वाचू लागली. तेरड्याची रोपं कशी आणायची, त्यांची गौर दारातून कशी आत घ्यायची, घर कसं दाखवायचं. गंगुबाई प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. मग ऋतिका थांबली. पुढची ओळ तिने मनातच वाचली आणि मायाकडे पाहिलं. ती नजर मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही.

"कं गो, थांबलीस कं?" गंगुबाईने विचारलं.

ऋतिकाने खाली बघत वाचलं, "गौरीला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात."

"आनी मटान? परदा? परदा नाय लिवलास? मी तुना येवरं सांगलेलं!"

आजूबाजूचे लोक वळले. ऋतिकाचे डोळे भरून आले. "मी लिहिलेलं, आजी. खरंच लिहिलेलं."

मायाने कागद नीट वाचला. टायपिंगमध्ये राहून गेलं असेल, असं ती म्हणू शकली असती. आजीने ऐकलं असतं, मीही सुटले असते. मी तर त्याचीच वाट बघत होते. पण ती माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "बाई, मी तिला शब्द दिला होता."

"मीच काढलं ते," मी म्हटलं. "लोक हसतील असं वाटलं मला."

"गणपतीला चालत नाही म्हणून त्याच्यापुढे पडदा लावतात. आणि नैवेद्य झाला की काढतात," माया म्हणाली. "तुम्ही लावलात तो कोण काढणार?"

आवाज चढवला नव्हता तिने. पण चौसष्ट वर्षांत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी टेबलावरचं मार्कर पेन उचललं, छापलेली ओळ खोडली आणि खालच्या मोकळ्या जागेत लिहायला लागले.

"आजी, सांगा. काय काय असतं?"

गंगुबाईने आधी मला आपादमस्तक न्याहाळलं. माझं ध्यान बघून तिला काय ते कळलं असावं. "तुमी खात नाय ना?"

"नाही. पण लिहिते."

मग ती सांगत गेली आणि मी तिच्याच शब्दांत लिहीत गेले. "गनपतीचे म्होरं परदा लावाचा. मंग मटान, वरे, चिंबोऱ्या. पयला निवद गौरीला, मंग घरच्यांना. चिंबोऱ्यांचं नांगं फोरून ठेवाचं, गौर दमून आयलेली असते, तिला कवरा तरास द्यावाचा!" एकही वेलांटी मी सुधारली नाही. लिहून झाल्यावर तिने मलाच वाचायला लावलं, मोठ्याने. मी वाचलं. शेवटच्या वाक्याला आधी अध्यक्ष हसले आणि मग सगळेच, पण कोणी नाक मुरडलं नाही. ऋतिका नाक पुसत आजीला चिकटून उभी होती.

गर्दी थोडी पांगली तेव्हा मितेश नावाचा आठवीतला मुलगा मायाची ओढणी ओढू लागला.

"ताई, माझा पण कागद काढा ना. आमच्याकडे तसं काय नसतं. मी वहीतलं डावं पान पण मोबाइलवरून उतरवलेलं."

"मला वाटलंच होतं," माया म्हणाली. "मग तुमच्याकडे काय असतं?"

"लक्ष्मीपूजनाला पप्पांची नाइट असते. दरवर्षी. सुट्टी घेतली तर डबल पगार जातो. म्हणून आम्ही सकाळी करतो, ते आले की. पप्पा उभ्याउभ्याच झोपतात आणि आरतीत मध्येच बंद पडतात. मग मम्मी त्यांना चिमटा काढते." तो थांबला. "हे चालतं का?"

मायाने माझ्याकडे पाहिलं, उत्तर मीच द्यावं म्हणून.

मितेशची दिवाळी दारासमोरच होती. अभ्यंगस्नान, रांगोळी, सहकुटुंब लक्ष्मीपूजन, एकही चूक नसलेली. सगळ्यांत सुंदर कागद म्हणून, आत येणाऱ्याला पहिला तोच दिसावा असा मीच तिथे लावला होता. मी गेले आणि एकेक करून चारही टाचण्या काढल्या.