निळ्या दाराकडे जाणारा रस्ता

ज्या खोलीत आरोपी राहत नव्हता, त्या खोलीचा रस्ता मी चिडलेल्या जमावाला सांगितला. नुसता सांगितला नाही. मध्ये गटाराच्या कामासाठी रस्ता खणलाय, तिथं गाड्या अडकतील, तेव्हा देवळामागून जा, असा सल्लाही दिला.

माझा स्वभावच तसा आहे. आमचं गाव चाकणच्या पट्ट्यातलं. कंपन्या आल्या तशा गावातल्या ज्याच्या त्याच्या रानात पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, रेल्वेच्या डब्यांसारख्या ओळीनं. भाडेकरू येतात, जातात. घरनंबर मालकालाही ठाऊक नसतो. त्यामुळं कुरियरवाला असो, गॅसवाला असो की मुलगी बघायला आलेले पाहुणे, सगळे नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर येऊन विचारतात. आणि टपरीवर मी असतो. कंपनीतून निवृत्त झाल्यापासून तेच माझं ऑफिस. ‘माहीत नाही’ म्हणायला माझी जीभ वळत नाही. एकदा नगरकडच्या पाहुण्यांना मी इतक्या खात्रीनं रस्ता सांगितला, की ते भलत्याच घरी बसून पोहे खाऊन आले. त्या घरात लग्नाची मुलगी नव्हती, मुलगा होता. दोन्हीकडचे अर्धा तास एकमेकांकडं आशेनं बघत होते म्हणे.

तोवर माझ्या चुका अशा, पोह्यांवर भागणाऱ्या होत्या.

चिंचवडला एका वकिलाचा खून झाला होता. कामावरून काढलेल्या कंत्राटी पोरांच्या केसेस तो घ्यायचा. आमच्याकडं दर दोन-चार खोल्यांमागं एक तरी माणूस त्याच्या ऑफिसच्या जिन्यावर बसून आलेला. त्यामुळं तो गेला तेव्हा पट्टा पेटला. मोर्चे निघाले, मेणबत्त्या लागल्या, टीव्हीवर रोज संध्याकाळी चार माणसं एकाच वेळी बोलायला लागली. मोर्च्यात मीही होतो, पुढच्या रांगेत, म्हणजे जिथं कॅमेरे असतात तिथं.

मग एका गुरुवारी सकाळी बातमी आली: एका लेबर कॉन्ट्रॅक्टरला अटक.

गुरुवार आमच्याकडं कंपन्यांच्या सुट्टीचा. एरवी बातमी शिफ्टमध्ये विभागली जाते, पहिल्या शिफ्टला कळेपर्यंत तिसरी झोपलेली असते. त्या दिवशी सगळे घरी, सगळे रस्त्यावर, प्रत्येकाच्या हातात फोन. टपरीवर उभं राहायला जागा नव्हती. त्या कॉन्ट्रॅक्टरचा फोटो बघून टपरीवाला म्हणाला, “हा आपल्याकडं राहून गेलाय की.” टपरीवाला माझा शाळेपासूनचा सोबती. मी लगेच ग्लास खाली ठेवला.

“राहून गेलाय काय, माझ्या डोळ्यांसमोर मोठा झालाय,” मी म्हणालो. “पहिल्यांदा आला तेव्हा स्वतःच लेबर होता. त्याला खोली कुणी दाखवली? मी.”

खोली मी दाखवली होती हे खरं. डोळ्यांसमोर मोठा वगैरे झाला नव्हता. पण लोक माझ्याकडं वळून बघायला लागले होते, आणि लोक वळून बघायला लागले की माझं वाक्य लांबतं. त्याची नजरच कशी वाईट होती, हे मी सांगत सुटलो. खरं तर त्याची नजर मला आठवत नव्हती. भाडं ठरवताना त्यानं घासाघीस केली नव्हती, एवढंच आठवत होतं.

तेवढ्यात मोटारसायकली येऊन थांबल्या. दहा-बारा असतील. पुढच्या गाडीवर काळा टी-शर्ट घातलेला एक उंच तरुण होता. त्याचे डोळे रडल्यासारखे लाल होते. मागं बसलेल्याच्या हातात प्लॅस्टिकचा कॅन, त्यात गाडीचं जळकं ऑइल.

“काका, त्याचं घर कुठंय?”

टपरीवर एकदम शांतता झाली. कुणालाच बोलायचं नव्हतं. अशी शांतता मला सोसत नाही. मी बोललो. देवळामागून जा, पाण्याच्या टाकीपाशी उजवीकडं वळा, शेवटच्या ओळीतली टोकाची खोली, दार निळं. खणलेल्या रस्त्याचंही तेव्हाच सांगितलं.

“लई उपकार झाले,” म्हणून ते गेले.

मी ग्लास उचलला. टपरीवाला माझ्याकडं बघत होता.

“काय रे?”

“तो खोली सोडून गेला त्याला वर्षं झाली, राव. त्यानं नंतर वाकडला फ्लॅट घेतला. तूच सांगितलंस मला.”

“मग आता तिथं कोण राहतं?”

“परभणीकडची माणसं. नवरा-बायको आन् म्हातारी. ती बाई दूध न्यायला येती ना, ती.”

चहा तसाच ठेवून मी उठलो. मला पळताना गावानं शेवटचं कधी पाहिलं असेल सांगता येत नाही. त्या दिवशी पाहिलं. खोल्यांच्या ओळींमधून, वाळत घातलेल्या चादरींखालून वाकत, सांडपाण्यात पाय देत मी निघालो. पलीकडून घोषणा ऐकू येत होत्या. देवळापाशी त्यांना अजून माणसं मिळाली असावीत, कारण आवाज मोठा झाला होता. ‘फाशी द्या, फाशी द्या.’ मोर्च्यात मीही हेच ओरडलो होतो, याच चालीत. पुढच्या रांगेत असताना ते केवढं न्यायाचं वाटतं. समोरून येताना ऐकलं की ते आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटतं.

निळं दार अर्धं उघडं होतं. दारात गॅसच्या छोट्या शेगडीवर ती बाई भाकरी टाकत होती. आत बाजेवर म्हातारी बसली होती.

“बाई, आत जा. कडी लावा,” मी म्हणालो.

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. घामेजलेला, गुडघ्यापर्यंत चिखल, धापा टाकणारा म्हातारा.

“कोन हाव तुमी? कामून लावायची कडी?”

“माणसं येतायत. चुकून येतायत. तुमचा काही संबंध नाही.”

“संबंध न्हाई तर कामून येऊलालेत?”

उत्तर एका वाक्याचं होतं, आणि तेच मला काढता येईना. आयुष्यभर न विचारता बोलणारा मी, तिथं उभा राहून नुसता हात हलवत होतो. “मालक कुठंयत तुमचे?” मी विचारलं. ओव्हरटाइमला, कंपनीत. तेवढ्यात टाकीच्या वळणावर मोटारसायकली दिसल्या. त्यांच्यामागं चालत येणारी माणसं, भरपूर. तिनं ती पाहिली, तवा उतरवला, आत गेली आणि कडी लावली. मी बाहेर राहिलो.

दाराला पाठ लावून मी उभा राहिलो. हे शौर्य नव्हतं. पळून दम लागला होता आणि टेकायला तेवढीच जागा होती.

“हे त्याचं घर नाही,” मी म्हणालो.

काळा टी-शर्ट गाडीवरून उतरला. “काका, आत्ताच तर तुम्ही सांगितलं.”

“चुकलं माझं. तो कधीच गेला इथनं.”

“मगाशी नाही चुकलं? आता चुकलं?”

मागून कुणीतरी म्हणालं, “ह्याला फोन आला असणार त्याच्या माणसांचा.” दुसरा म्हणाला, “अरे, हाच तर सांगत होता, खोली मी दाखवली म्हणून. आतला माणूस हाय ह्यो.” टपरीवर लांबवलेली माझी वाक्यं माझ्या आधी तिथं पोचली होती.

“दार उघडायला लावा,” काळा टी-शर्ट म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली.

“आत बायामाणसं आहेत.”

“त्याचीच ना?”

मी नाही म्हणालो. पुन्हा नाही म्हणालो. त्या दिवशी माझ्या ‘नाही’ला कवडीची किंमत नव्हती. कॅन उघडला गेला. ऑइल दारावर मारलं आणि दारासमोर मी होतो. डोळे मिटले तेवढेच वाचले. त्या काळ्या अंधारात दगड पत्र्यावर आदळल्याचा आवाज आला, मग खिडकीची काच फुटली, आणि आतून म्हातारी ओरडली. नुसतं “अगं माय गं.” त्या हाकेनंसुद्धा कुणी थांबलं नाही. कुणीतरी माझी कॉलर धरून मला बाजूला ओढलं आणि दारावर लाथ बसली.

दुसरी लाथ बसायच्या आधी कडी निघाली.

बाई बाहेर आली. कपाळाजवळ काचेचा ओरखडा होता. हातात धुतलेला, अजून ओला शर्ट. करडा, खांद्याला नारिंगी पट्टी. तिनं तो दोन्ही हातांनी समोर धरला, दोरीवर वाळत घालताना धरतात तसा.

“ह्यो माझ्या मालकाचा,” ती म्हणाली. “बघा कुनाचा हाय ते.”

मागची माणसं पुढं ढकलत होती, पण काळा टी-शर्ट थांबला. आमच्या पट्ट्यात माणूस ओळखायचा तो शर्टावरून. पर्मनंटचा रंग वेगळा, ट्रेनीचा वेगळा, कंत्राटीचा वेगळा, आणि कॉन्ट्रॅक्टर मात्र पांढऱ्या कपड्यांत असतो. करड्यावर नारिंगी पट्टी म्हणजे एका कंपनीचा कंत्राटी कामगार, हे तिथल्या निम्म्यांना सांगायची गरज नव्हती. काहींच्या दोरीवर तोच शर्ट वाळत होता.

“कुठल्या शॉपला?” त्यानं विचारलं.

“पेंट शॉप. बंपर रंगवत्यात.”

“कधीपासून?”

“दिवाळीपसून. आदी भोसरीला होते.”

“बसला कुठं चढतात?”

“टाकीपाशी चढत्यात की. तुमीबी तिथंच चढताव. मी रोज बघतेय तुमाला.”

मागं अजून घोषणा चालू होती. त्यानं हात वर केला, “गप रे,” म्हणाला. घोषणा एकदम थांबली नाही, पुढून मागं विझत गेली. मागच्यांना तर काय झालं तेच कळलं नव्हतं. ते थोडा वेळ तसेच ओरडत राहिले आणि मग एकमेकांकडं बघायला लागले.

माफी कुणी मागितली नाही. लाथ मारणाऱ्यानं उपडी पडलेली बादली सरळ केली. काळा टी-शर्ट तिच्याकडं बघायचं टाळून म्हणाला, “ताई, त्या वकिलानं माझ्या भावाची केस घेतली होती. पुढच्या तारखेला निकाल होता.” मग तो माझ्याकडं वळला. “आणि काका, तुम्ही.” एवढंच म्हणून त्यानं गाडी वळवली. ते गेले.

घरी बायकोनं रॉकेल आणि कपडे धुवायची पावडर लावून मला मोरीत बसवून घासलं. “डोळ्यात गेलंय का?” एवढंच विचारलं. मी सगळं सांगितल्यावर तिचा हात थांबला. “म्हातारी बरी हाय का?” म्हणाली, आणि मला तसाच फेसात सोडून दुधाची किटली घेऊन तिकडं गेली.

वाटलं, निभावलं. पण गर्दीतल्या कुणीतरी सगळं फोनवर घेतलं होतं. शर्टाचा भाग कापून टाकलेला, फक्त घोषणा, ऑइल, निळं दार. खाली लिहिलेलं: आरोपीच्या घरावर जनतेचा संताप. ते फिरलं. देहूरोड, माण, कुठून कुठून माणसं घर बघायला यायला लागली. दारासमोर फोटो काढायची. कुणी जाता जाता पत्र्यावर दगड टाकायचं. पोलीस दोनदा येऊन गेले, मला घेऊन बसले, मी जे घडलं ते लिहून दिलं. त्या बाईचा नवरा शिफ्टवरून आला की दाराला आतून बाज लावून बसायचा. म्हातारीनं जेवण सोडलं.

तेव्हा मी ठरवलं की आपण केलेलं आपणच निस्तरायचं. पांढरा रंग आणला आणि ओळीच्या भिंतीवर, रस्त्यावरून दिसेल असं, हातभर अक्षरांत लिहिलं: हे आरोपीचं घर नाही. खाली बाणही काढला.

त्याआधी लोकांना घर शोधावं लागायचं. आता नुसता बाण बघून सरळ यायला लागले. ती बाई एका सकाळी भिंतीपुढं उभी राहून बराच वेळ ते वाचत होती. मग आतून चुन्याचा डबा आणला आणि मी केलेलं सगळं पुसून टाकलं. मी पलीकडं उभा होतो. तिनं मला पाहिलं, पण ब्रश थांबवला नाही.

खटला अजून चालू आहे. तो कॉन्ट्रॅक्टर दोषी की निर्दोष, ते कोर्ट ठरवेल. टपरीवर ते केव्हाच ठरलंय. मी त्या चर्चेत पडत नाही; म्हणजे पडतो, पण कमी.

भिंत पुसली त्याच्या पुढच्या गुरुवारी निळ्या दारापुढं टेम्पो आला. बाज, शेगडी, पत्र्याची पेटी, एक कूलर. म्हातारीला दोघांनी धरून पुढच्या सीटवर बसवलं. नवरा दोऱ्या आवळत होता, माझ्याकडं त्यानं पाहिलंच नाही. मी कूलरला हात लावायला पुढं झालो, तेव्हा त्यानं तो एकट्यानंच उचलला. शेवटी ती बाई मागं चढली, करडा शर्ट घडी घालून मांडीवर घेऊन. टेम्पो सुरू झाला. मला काहीतरी बोलणं भाग होतं. सांभाळून जा म्हणावं, माफ करा म्हणावं, असं बरंच मनात होतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

“कुठं चाललात मग? कासारवाडीला का?”

“तुमाला सोडून समद्याला सांगितलंय, काका,” ती म्हणाली.