शब्द ठेवायचे कुठं?

आम्ही चौघं वऱ्हाडी शब्द गोळा करतो. शब्द कुठं ठेवायचे ते अजून ठरलेलं नाही, त्या घोळाचे किस्से मात्र आपोआप जमत गेले. घाई आहे ती मूर्तिजापूरच्या गावंडे काकांसाठी. वांगी-टमाटे पिकवणारा हा माणूस म्हणजे आमची खाण, आणि डॉक्टर म्हणतात, विसरणं आता वाढतच जाणार.

*

आधी सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर होतं. एकदा मी 'पऱ्हाटी' शोधलं. कापसाचे भाव सापडले, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक सापडला, पण 'कपाशीचं झाड' हा अर्थ काही सापडला नाही.

*

मग अमरावतीचे वानखडे सर, रिटायर्ड मास्तर आणि आमच्या गटाचे प्रमुख, व्हिडिओ बघून दर आठवड्याला नवं ॲप आणू लागले. कोणतं चांगलं, याची तुलना त्यांनी सविस्तर लिहून काढली. कोणत्या ॲपमध्ये लिहिली, तेवढं त्यांना आठवेना!

*

अकोल्याची प्रज्ञा ग्रंथपाल. तिला फोल्डर हवेत. 'सराटा', म्हणजे उलथनं, स्वयंपाकात टाकायचं की लोखंडी वस्तूंत, यावर चहा थंड झाला.

काका म्हणाले, "शब्दाले कोंबडीवानी काहून कोंडून राह्यली वो?"

*

प्रज्ञानं माघार घेतली आणि काकांना टॅग शिकवला. शब्दाला चिठ्ठी बांधायची, मग ती चिठ्ठी दाबली की तसले सगळे शब्द समोर. काकांनी घरी बसून एकूण एक शब्दाला टॅग लावला. 'आपला'.

आता तो दाबला की अख्खं वऱ्हाड समोर येतं.

*

शेवटी वैतागून आम्ही सगळ्यात साधं ॲप घेतलं. फोल्डर नाही, टॅग नाही, नुसता शोध. काकांनी सांगितलेलं सगळं मी त्यात टाइप केलं आणि गेल्या रविवारी सरांच्या घरी फोन काकांच्या हातात दिला.

त्यांनी 'फफुटा' शोधला. लगेच आला. अर्थ धूळ, खाली बैलगाडीचं वाक्य: बंडी गेली, फफुटा राह्यला. काकांनी ते दोनदा वाचलं. सर खूश होऊन आमच्याकडे बघत होते.

"हे कोनं सांगतलं?" काकांनी विचारलं. "असे मानसं आता भेटत नाई. मले त्याच्या घरी घेऊन चाला."