जाड अक्षरातलं तेवढंच नवं

नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा या एका गोष्टीला वळसा घालून पुढे जाते. देवाला काय, माहीतच असणार, असं म्हणते आणि उदबत्ती लावते. अकरा वर्षं झाली. आज तुम्हाला सांगते आहे, कारण गेल्या आठवड्यात मला एका ॲपने पकडलं. हसू नका.

मी वर्ध्याला लागून नालवाडीत राहते, शाळेत विज्ञान शिकवते. माझी लेक केतकी पुण्याहून सुटीला आली आणि माझी पासवर्डची वही पाहून तिने कपाळाला हात लावला. वही म्हणजे काय, आमचं रोहण्याचं अख्खं सासर त्यात नांदतं. घरात पहिला कॉम्प्युटर माझ्याकडे आला, तेव्हापासून कुणाचं खातं उघडायचं, कुणाचा फॉर्म भरायचा, की पासवर्ड माझ्याकडे. ज्याचा तो विसरून जातो. ‘वैनीले इचार’ एवढं लक्षात ठेवलं की झालं. आणि पासवर्ड तरी कसले? सगळे गोठ्यातले. बैलाचं नाव, गाईचं नाव, पुढे एखादी जन्मतारीख. सासरे वारले, त्यांचे बैल केव्हाच विकले गेले, पण ते दोघं अजून माझ्या वहीत जुंपलेले आहेत.

केतकीने वही एका ॲपमध्ये उतरवली. मग आमच्या जुन्या कॉम्प्युटरने आपोआप जपून ठेवलेले पासवर्डही त्यात ओढून घेतले. ॲपने लगेच सांगितलं — तेवीस नोंदी दुबार आहेत.

मला हे प्रकरण भलतंच आवडलं. एकच नोंद दोनदा का होते? सासऱ्यांच्या एका खात्याचे दोन पासवर्ड निघाले, कारण दर खेपेला ते नवा बैल सांगायचे. दिरांच्या नोंदीत एका ठिकाणी शेवटी नुसती मोकळी जागा पडली होती. प्रत्येक जोडीमागे काहीतरी घडलेलं होतं आणि मी चष्मा लावून एकेक सोडवत बसले. उघडून पाहायची खोड मला लहानपणापासूनच. कळी उमलायची वाट मी कधी पाहिली नाही, नखाने उघडली. आई म्हणायची, या पोरीच्या हातात बंद काही देऊ नका.

“आई, ही सुषमाआत्याची ईमेल,” केतकी म्हणाली. “वहीतला पासवर्ड वेगळा, कॉम्प्युटरमधला वेगळा. कोणता ठेवू?”

मी म्हटलं, राहू दे, मी बघते. ती पुढच्या जोडीवर गेली. ती जोडी मी का मागे ठेवली, ते आता सांगते.

सुषमा माझी धाकटी नणंद. लग्न मोडून, कडेवर लहान मुलगी घेऊन ती रोहण्याला भावांच्या घरी परत आली होती. कुणी तिला वाईट वागवलं नाही. पण भावाच्या घरी राहणं ते राहणंच. एकदा ती मला म्हणाली होती, “मले लय काई नाई पायजे वैनी. एक खोली पायजे, जिची कडी मी आतून लावीन.” त्यासाठी ती नोकरीचे अर्ज करत होती. तिची ईमेल मीच उघडून दिली. पासवर्ड मी ठरवला, वहीत लिहिला. तिच्याकडे तेव्हा साधा फोन. बाजाराच्या दिवशी, दर गुरुवारी, ती आर्वीला जायची आणि तिथल्या नेट कॅफेत मेल पाहायची. मेलच्या एवढ्या गर्दीत घाबरू नये म्हणून मी तिला एकच गोष्ट शिकवली होती. जाड अक्षरातलं तेवढंच नवं. बारीक झालेलं म्हणजे पाहून झालेलं, त्याच्याकडे बघायचंच नाही.

हे नीट लक्षात ठेवा. मी शिकवलं होतं.

पुढे सुषमाने आर्वीत संगणकाचा छोटा कोर्स केला. तिथल्या सरांनी सांगितलं असणार, पासवर्ड आपला आपण बदला. तिने बदलला. मला सांगितलं नाही. का सांगावं? मला ते कसं कळलं? कारण मी सहज तिची मेल उघडायला गेले आणि जुना पासवर्ड चालेना. सहज — हा शब्द मी अकरा वर्षं वापरते आहे.

रागही आला नाही, वाईटही वाटलं नाही. फक्त कुतूहल. काय ठेवला असेल हिने? गोठ्यातलंच काहीतरी, यात शंका नव्हती. तिच्या लाडाची एक कालवड होती, मोरी. पुढे लेकीची जन्मतारीख. तिसऱ्या खेपेला उघडलं. आणि सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. कोडं सुटल्याचा असतो ना, तसला. कॉम्प्युटरने विचारलं, पासवर्ड जपून ठेवू का? मी सवयीने हो म्हटलं.

दोन नोंदी झाल्या त्या अशा. एक पासवर्ड तिने माझ्या हाती ठेवला होता. दुसरा मी घेतला.

मग मी अधूनमधून जाऊ लागले. काही विशेष नसायचं. जाहिराती, मैत्रिणीचे सणाचे फोटो. एका सोमवारी मात्र नवी मेल होती. वर्ध्याच्या एका मुलींच्या वसतिगृहात गृहपालाच्या जागेसाठी सुषमाची निवड झाली होती. राहायला खोली मिळणार होती, मुलीसकट. येत्या शनिवारी मूळ कागदपत्रं घेऊन हजर राहा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल.

मी वाचली. माझ्या डोळ्यांदेखत जाड अक्षरं बारीक झाली.

पुन्हा जाड करता येतात, हे मला ठाऊक होतं. बटण समोरच होतं. मग दाबलं का नाही? हेच तुम्हाला सांगायचं आहे आणि इथेच जीभ अडते. मला पाहायचं होतं. ती माझ्याच शिकवणीला धरून बसते, की बारीक अक्षरांवरही नजर टाकते — हे पाहायचं होतं! वर्गात दोन परीक्षानळ्या ठेवतात आणि वाट पाहतात, तशी मी वाट पाहिली. गुरुवारी नाहीच दिसलं तर फोन करून सांगू, एवढं मनाशी ठरवलं होतं. ठरवलं होतं, हे खरं आहे. तेवढ्याने काय होतं?

गुरुवारी संध्याकाळी मी पुन्हा आत गेले. खालच्या दोन जाहिराती सकाळी जाड होत्या, त्या आता बारीक झाल्या होत्या. म्हणजे सुषमा येऊन गेली होती. जाड होतं तेवढं तिने पाहिलं आणि बाजार करून घरी गेली.

शुक्रवार अख्खा हातात होता. फोन उचलून एवढंच म्हणायचं होतं, सुषमा, उद्या वर्ध्याला ये. पण मग तिने विचारलं असतं, वैनी, तुमाले कसं माईत? तीन वेळा फोन हातात घेतला. तिसऱ्यांदा तर रिंगही गेली. सुषमाचा फोन दिरांनी उचलला आणि मी त्यांना विचारलं, यंदा तूर कशी आहे?

पुढच्या आठवड्यात मी रोहण्याला गेले होते, तेव्हा आपली निवड झाली होती हे तिला मैत्रिणीकडून कळलं होतं. तिने आर्वीला जाऊन मेल शोधून काढली होती. चुलीपुढे बसून ती कपाळावर हात मारत होती. “माह्याच हातून उघडलं असंन वैनी. अन् मी वाचलंच नाई. एवढी कशी येडी मी?”

मी तिच्या शेजारी बसले. पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, “होते असं कधी कधी. नशिबात नसंन.”

मेल उघडली ती कुतूहलाने, फोन केला नाही तो भीतीने. पण हे वाक्य मी शांतपणे बोलले. पाठीवर जो हात होता, तो माझाच होता.

सुषमा अजून रोहण्यालाच आहे. पुढच्या खोलीत शिलाई मशीन आहे, त्या खोलीला कडी नाही, कारण सगळ्यांची ये-जा तिथूनच होते. लेक तिथेच मोठी झाली. आजही घरात कुणाचं काही हुकलं की ती हसून म्हणते, “माह्यासारखं करू नका बाप्पा, नीट पाहत जा.” सगळे हसतात. मीही हसते.

केतकी पुण्याला परत गेली. काल दुपारी सुषमाचा फोन आला. नवा मोबाइल घेतला आहे, रविवारी येते आहे. “माहे बी पासवर्ड टाकून द्या त्या ॲपमंधी. तुमाले सांगाले काय हरकत हाये?”

फोन ठेवला. आणि जित्याची खोड — मी काय केलं असेल? दुसरा पासवर्ड अजून चालतो का, पाहिलं.

चालतो. मोरी जाऊन किती वर्षं झाली, पण सुषमाने बदललेला नाही.

आलेल्या मेल मी पूर्वी कितीदा पाहिल्या होत्या. तिने पाठवलेल्या कधी पाहिल्या नव्हत्या. काल पाहिल्या. त्या आठवड्यातली एकच आहे, वसतिगृहाला लिहिलेली. एकेक अक्षर शोधून टाइप केलेली असणार. ‘आपला निरोप मला वेळेवर मिळाला होता. मी तो उघडला होता, पण वाचला नाही. यात चूक सर्वस्वी माझी आहे, दुसऱ्या कोणाची नाही. शक्य असल्यास आणखी एक संधी द्यावी.’ त्याला उत्तर आलं होतं, जागा भरली.

बावीस जोड्या मिटवून झाल्या. ही एक तशीच आहे. ॲप रोज विचारतं.

ते पत्र मी दोनदा वाचलं. ती कबुली माझी होती. खाली नाव सुषमाचं होतं.