ताईचे डोहाळे, पिक्चर आणि पॉजचं बटण

गेल्या रविवारी डोळखांबच्या पुढे, ताईच्या सासरी गेलो होतो. तेव्हापासून डोक्यात नुसता गोंधळ आहे... लिहून तरी सुटतो का बघतो.

माझ्या ताईला सहावा महिना चालू आहे. डोहाळे पुरवायचे असतात म्हणून दाजींनी चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरून आणल्या, कुणी चिंचा दिल्या, कुणी कैऱ्या. पण ताईने मला फोन करून सांगितलं, "मला थेटरात पिक्चर बघायचाय. मारामारीचा."

आता थेटर म्हणजे कल्याण गाठायला पाहिजे. मी तयार होतो, पण ताईच्या सासूबाई... आम्ही त्यांना मावशी म्हणतो... त्यांनी फोन घेतला. "एवढ्या खड्ड्यांतून पोटुशी पोर नेतोस? डोकं हाय का जाग्यावर?" बरोबरच होतं त्यांचं.

मग मला आयडिया आली. ताईच्या पाड्यावर नेटवर्क मिळत नाही, मोबाईलवर पिक्चर बघणं शक्य नाही... पण मुरबाडच्या बाजारात एक जुना कॅसेटवाला उरलेल्या डिस्क विकतोय, हे मला माहीत होतं. त्याच्याकडून मारामारीची एक डिस्क घेतली, सेकंडहँड प्लेअरही घेतला.

तसं मी सकाळीच पोचणार होतो. पण वाटेत एका वाडीत बोअरची गाडी लागली होती. पाणी लागतंय की नाही ते बघत प्लेअर काखेत मारून उभा राहिलो... नुसती धूळच निघाली. पोचेपर्यंत दुपार झाली.

तर मुद्दा असा, की मी जाम खूश होतो. मित्रांशीही मी हेच भांडायचो... डिस्क आपली स्वतःची, हवी तेव्हा लावा, सगळं घर बघेल, आणि मेन म्हणजे थांबवता येते. थेटरात काय, मुतायला गेलात तर तेवढा पिक्चर गेला.

घरातल्या टीव्हीला प्लेअर जोडला आणि अर्धा पाडा घरात आला. ताई पुढे बसली होती, डोळे नुसते चमकत होते. पहिली मारामारी सुरू झाली आणि मावशी म्हणाल्या, "गो, माणसं आल्यात, चहा टाक."

ताई उठली. मी लगेच पॉज दाबला. "जा ताई, तू आल्याशिवाय लावत नाय!" केवढा मोठेपणा वाटला मला स्वतःचा.

चहा झाला. मग कुणाला पाणी पाहिजे. मग दाजींचे काका आले, त्यांना परत चहा. प्रत्येक वेळी ताई कमरेवर हात ठेवून उठायची, मी पॉज दाबायचो, आणि हिरो हवेत लाथ मारलेला तसाच लटकून राहायचा. पोरं हसायची. मीसुद्धा हसत होतो...

दिवेलागणीला चौथ्यांदा की पाचव्यांदा उठली तेव्हा तिच्या मागे चुलीपाशी गेलो. म्हटलं, "काय गो, आवडला नाय का पिक्चर?"

तिने भांड्यावरून नजर वर केली नाही. "थेटरात बाईला कोण उठवत नाय रे. पिक्चर थांबतच नाय ना कुणासाठी... म्हणून जायचं होतं."

म्हणजे मी जे बटण मिरवत होतो, त्यानेच... आणि खड्डे तर खरेच होते ना? मावशी पण वाईट नाहीत हो, त्यांच्या घरात आलेल्या माणसाला चहा द्यायचाच असतो. मग चुकलं कुणाचं? मला अजून कळलेलं नाही.

तिच्या हातातलं भांडं घेतलं आणि म्हटलं, जा, बस.

बाहेरच्या खोलीतून काका ओरडले, "अरे, पाव्हणा चहा करतो काय!" एकदम हशा झाला. मग मावशींचा आवाज आला, "बस गो तू. आन तो बल्ब बंद करा रे, डोळ्यावर येतो."

घरात अंधार झाला. मी साखरेचा डबा शोधतोय, धूर डोळ्यात जातोय, बाहेर धाडधाड मारामारी चाललीय. दाजींनी हाक मारली, "संदीप, पॉज करू काय? शेवट आलाय!"

माझ्या आधी ताईचा आवाज आला. "नको. चालू दे."

शेवटी व्हिलनचं काय झालं, मला माहीत नाही. चहा पण उतू गेला. डिस्क चांगली की थेटर, हे आता मला विचारू नका... त्यानंतर पिक्चर संपेपर्यंत ताई उठली नाही, एवढंच सांगू शकतो. मावशींचे मनापासून आभार.