भिंगरी मावशींचं चॉकलेट

मावशींना बसलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण आमच्या पूनम सागर सोसायटीच्या जुन्या शेजाऱ्यांपैकी कुणी भेटलं की पहिली आठवण हीच निघते: ही बाई बसायची कधी? भाजी उभ्याने निवडायची, पेपर उभ्याने वाचायची, दुसऱ्याच्या घरी गेली तर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तासभर गप्पा मारायची आणि जाताना वर म्हणायची, ‘बसायला वेळच नाही बाई.’ पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरते म्हणून बिल्डिंगने तिचं नाव भिंगरी मावशी ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही असावं.

त्यांच्या यजमानांचं, म्हणजे काकांचं, बरोबर उलट. ते रिटायर झाले आणि गॅलरीतल्या घडीच्या खुर्चीत जे बसले, ते बसलेच. सकाळची पूजा, जेवण आणि झोप एवढ्यापुरतेच उठायचे. मूळचे रत्नागिरीकडचे, बोलणं मोजकं आणि तेही समोरच्या बिल्डिंगकडे बघत. ‘आमच्या दोघांत मिळून एक धड माणूस होतो,’ असं मावशी म्हणायच्या. आमचं दार त्यांच्या दारासमोर. मी तेव्हा अंधेरीला एका ऑफिसात नोकरी करत होते. आई आणि मी दोघीच घरात, त्यामुळे मावशींच्या फेऱ्यांमधला आमचा स्वयंपाकघराचा ओटा हा ठरलेला थांबा होता.

तर ही भिंगरी हौसेची होती असं आम्ही समजत होतो. पण त्यांच्या लेकीने, वंदनाने, भाईंदरजवळच्या तारोडी गावातल्या पीटरशी रजिस्टर लग्न केलं आणि मग मात्र तिला थांबणंच उरलं नाही. पीटर चांगला मुलगा, भाईंदरला नोकरीला, पण ख्रिश्चन. काकांनी आरडाओरडा केला नाही. ‘तुला जायचं तर जा. मी अडवणार नाही आणि येणारही नाही,’ एवढंच म्हणाले आणि खुर्ची गॅलरीच्या कठड्याकडे वळवून घेतली. मावशी गेल्या नाहीत. ‘लेक दोघांची आहे, मग एकटीने कसं जायचं?’ असं त्यांचं म्हणणं. वंदूला मुलगी झाली तरी गेल्या नाहीत. फक्त जिने चढायच्या, उतरायच्या, गच्चीवर जाऊन यायच्या, एका लिंबासाठी नवघरच्या बाजारापर्यंत चालत जायच्या. मी एकदा चिडून म्हटलं, ‘मावशी, बसा हो दोन मिनिटं, मला गरगरायला लागलंय.’ तर म्हणाल्या, ‘बसलं की विचार शेजारी येऊन बसतात गं. उभं राहिलं की निदान त्यांना जागा मिळत नाही.’

डिसेंबरात वंदूचा फोन आला, तोही आमच्या घरी, कारण त्यांच्याकडे फोन काका उचलत. बाळाचा पहिला नाताळ आहे, आई, तू ये, बाबांनाही विचार. मावशींनी फोन ठेवला, आमच्या हॉलमध्ये तीन-चार येरझाऱ्या घातल्या आणि जाहीर केलं, ‘जाणार. एकटी जाणार. पण रिकाम्या हाताने नाही. मी त्यांच्याकडचं नाताळाचं पेय करून नेणार.’

हे पेय म्हणजे गरम चॉकलेट. मावशींनी केबलवर कुठलासा इंग्रजी सिनेमा पाहिला होता. त्यात बाहेर बर्फ पडतंय, घरात झाड सजवलंय आणि सगळं कुटुंब मोठमोठ्या मगांतून चॉकलेट पितंय. त्यावरून त्यांनी ठरवून टाकलं की कोजागिरीला आपण मसाला दूध पितो तसं नाताळात ख्रिश्चन लोक चॉकलेट पितात. मला शंका होती, पण मी अंधेरीच्या कॉफी शॉपमध्ये हॉट चॉकलेट प्यायले होते, एवढ्या भांडवलावर त्यांनी मला जाणकार नेमलं. जाणकाराने शंका कशा काढायच्या?

मग सुरू झाले प्रयोग. पहिल्या दिवशी मुलांच्या दुधात घालायची पावडर आणली, ती मी नापास केली. दुसऱ्या दिवशी वाण्याकडे जाऊन, ‘भैया, वो कडवावाला कोको दो, मीठा मैं घर पे करेगी,’ असं सांगून डबा आणला आणि उकळत्या दुधात थेट ओतला. गुठळ्याच गुठळ्या. शेवटी त्यांच्याच लक्षात आलं की पिठल्याचं पीठ कालवतात तसा कोको आणि साखर कोमट दुधात आधी कालवून घ्यायला हवी. सिनेमातल्या घरात संत्री होती, म्हणून यांनी संत्र्याचा रस पिळला. दूध फाटलं. त्या दिवशी सगळ्या मजल्यावर तपकिरी पनीर वाटलं गेलं, आणि शेजारच्या शहाबेनने ‘बहु सरस’ म्हणून ते कामवालीला दिलं. नंतर साली खिडकीच्या ग्रिलवर वाळवून, कुटून घातल्या, तेव्हा कुठे वास लागला. दालचिनी पडली, किंचित सुंठ पडली. मला एका गोष्टीची मोठी मौज वाटायची. दूध उतू जाऊ नये म्हणून मावशींना गॅससमोर एका जागी उभं राहून ढवळत राहावं लागे. त्या काळात त्या फक्त तिथेच स्थिर दिसायच्या.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्या ओट्यापाशी चव घेतली आणि म्हटलं, ‘काहीतरी कमी आहे.’ मावशींनी लगेच जायफळ काढून किसणीवर धरलं. तेवढ्यात गॅलरीतून काकांचा आवाज आला. मान वळली नव्हती, नुसता आवाज.

‘किसणीवर नको. माळ्यावर सहाण आहे, लहान. ती काढ.’

मावशींचा हात थांबला. मी स्टुलावर चढले आणि फडक्यात गुंडाळलेली वीतभर दगडी सहाण काढून दिली. काकांनी ती मांडीवर घेतली, दुधाचे थेंब टाकले आणि जायफळ फिरवायला लागले. सावकाश, एकाच दिशेने, जणू दुसरं कामच नाही. ‘जास्त वेढे द्यायचे नाहीत,’ ते सहाणेकडे बघत म्हणाले, ‘गुंगी येते.’ कुणासाठी, कुठे, काही विचारलं नाही. स्वयंपाकघरात आल्यावर मावशी माझ्या कानाशी पुटपुटल्या, ‘वंदूच्या गुटीची सहाण आहे ही. माझा कुठे पाय ठरायचा? हेच बसायचे उगाळत. परीक्षेच्या आधी पोरीला झोप लागेना की तेव्हासुद्धा हेच.’ आणि त्या पदराने डोळे पुसत जिना उतरून गेल्या. खाली काहीही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोठा थर्मास सांभाळायला मावशींनी मला सोबत घेतलं आणि आम्ही दोघी तारोडीला गेलो. ओटीवर कागदी चांदणी, दारात गाईगुरांसकट येशूचा गोठा मांडलेला, पाटावर नेवऱ्यांची परात. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच. वंदू आईला बिलगली आणि बाळाने जो सूर लावला तो थांबेना. विहीणबाईंनी, मारीबायनी, थर्मासकडे बघून विचारलं, ‘ह्ये काय आनलंस बाय?’

‘चॉकलेट. तुमचं नाताळाचं.’

‘आमचं?’ मारीबाय हसायला लागल्या. ‘आमी तर नाताळला च्याच पितो. चाकलेट कोन पितंय?’

मावशींचा चेहरा उतरला. त्यात भर म्हणजे थर्मास उलटा केला तरी आतून काही येईना. पातळ झालं तर विहीणबाई म्हणतील पाणी घातलं, या धास्तीने निघताना मावशींनी कॉर्नफ्लॉवर घालून आणखी आटवलं होतं. थर्मासात त्याचा घट्ट खरवस झाला होता. मारीबायनी आत डोकावून गंभीरपणे विचारलं, ‘ह्ये पियाचं हाय का खायाचं हाय?’ मला हसू आवरेना. मावशी मात्र रडकुंडीला आल्या होत्या. तेव्हा त्या बाईने वाट्या आणि चमचे आणले, थर्मासात डाव घालून सगळ्यांना वाढलं आणि स्वतः पहिला घास घेऊन म्हणाली, ‘ग्वाड हाय. आता दर साली आन.’

वंदूने चमचा तोंडात घातला आणि थांबली. पुन्हा एक घास घेतला.

‘आई, हे जायफळ तू नाही किसलंस.’

तिने वाटी नाकापाशी धरून वास घेतला.

‘बाबांनी उगाळलंय.’

मावशींनी नुसती मान हलवली. वंदूने वाटी बोटाने पुसून पुसून चाटली, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मांडीवर बाळ रडतच होतं. ‘रातभर असंच,’ मारीबाय म्हणाल्या, ‘झोपत न्हाय पोर. गुटी मी देते, पन माझं उगालनं तिला रुचत न्हाय.’ आम्ही निघताना वंदू आईला म्हणाली, ‘बाबांना एवढंच सांग, नात झोपत नाही. बाकी काही सांगू नकोस.’

संध्याकाळी मावशींनी ते सांगितलं, अर्थात उभ्यानेच, गॅलरीच्या दाराला टेकून. मी शेजारीच होते. काकांनी पेपरचं पान उलटलं. ‘दात येत असतील,’ म्हणाले. झालं, संपलं. मावशी त्या संध्याकाळी किती वेळा गच्चीवर गेल्या असतील कोण जाणे. मला काकांचा इतका राग आला की आईने मला त्यांच्याकडे जाऊच दिलं नाही.

सकाळी मी डबा भरत असताना बेल वाजली. दारात काका. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर पूजेचं ताजं गंध, बगलेत पंच्यात गुंडाळलेली सहाण, वरच्या खिशात जायफळांचा फुगवटा.

‘भाईंदरहून तारोडीची बस कुठून सुटते गं?’

मी सांगितलं. मागून मावशी धावत आल्या, ‘अहो, थांबा, मीही येते.’

‘तू काल जाऊन आलीस ना?’ काका म्हणाले आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरायला लागले.

मावशी पावलांचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत जिन्यापाशी उभ्या राहिल्या. मग घरात गेल्या. मी मागोमाग. त्यांनी गॅलरीकडे पाहिलं, काकांच्या रिकाम्या खुर्चीपाशी गेल्या आणि तिच्यात बसल्या. अगदी मागे टेकून.

‘जरा चहा टाकतेस का गं? मी बसते.’

ऑफिसला उशीर होत होता, तरी मी चहा टाकला. कप घेऊन बाहेर आले तेव्हा त्या बसल्या जागी गाढ झोपल्या होत्या. मी चहा झाकून ठेवला आणि दार हळूच ओढून घेतलं.