पेवातलं पावणं

आमच्या साडूभाऊंइतका घाबरट माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत मिळून दुसरा नाही, आणि असलाच तर तो त्यांच्याच संगतीत बिघडलेला असणार. माझं आळेफाट्याला मोटार रिवायंडिंगचं दुकान. दिवसभर करंटशी खेळ, त्यामुळे भीती हा प्रकार आपल्याला ठाऊकच नाही अशी माझी ठाम समजूत होती. ती कशी फिटली तेच सांगतोय. साडूभाऊ राजुरीचे, द्राक्षबागाईतदार. बिबट्याच्या भीतीने त्यांनी लोहाराकडून गळ्यात घालायचा खिळ्यांचा पट्टा करून घेतला. आता आमच्याकडे बिबट्या उसात असतोच, शहाणी माणसं जपूनच असतात, त्यात हसण्यासारखं काही नाही. पण हे महाराज तो पट्टा घालून लग्नाला आले! गळाभेट घ्यायला वधूपिता हात पसरून पुढे झाला आणि कळवळून मागे गेला. "काढा की तो," मी म्हणालो. तर म्हणे, "राव, मांडवाच्या मागं ऊस हाय, दिसत न्हाई व्हय तुमाला?"

गॅसचं बटण बंद केलं का, हे बघायला ते एसटीतून उतरून घरी गेलेले आहेत, तेही दोनदा, एकाच दिवशी. आणि आभाळ! त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्ये एकाही फोटोत ते आक्काकडे बघत नाहीत. आक्का म्हणजे माझी थोरली मेहुणी. ती बिचारी नटूनथटून समोर बघतेय आणि नवरदेवाची मान वर, कारण पश्चिमेला ढग आला होता आणि द्राक्षं काढणीला आलेली. आक्का अजून ऐकवते, "माझं लगीन ढगाशीच लागलंय." मीही त्यावर पोट धरून हसायचो. पण त्याच दिवशी दुपारी गारा पडल्या आणि अख्खी बाग भुईसपाट झाली, हे आक्का सांगत नाही आणि साडूभाऊ तर कधीच सांगत नाहीत.

त्यांच्या अंगणात आजोबांच्या काळचं पेव आहे. पेव म्हणजे मुरमात खोल खोदलेलं धान्याचं कोठार. तोंड अरुंद, आत पोट मोठं, वर दगडाची फरशी. आता गावात कुणी पेव वापरत नाही. साडूभाऊ मात्र बियाणं त्यातच ठेवतात, कारण वर चोर, उंदीर आणि ऊन. पेवात उतरायच्या आधी ते दोरीला पेटता कंदील बांधून आत सोडतात. जुनी माणसं असंच करायची. बंद पेवात वाईट हवा साचते, कंदील विझला तर माणसानं उतरायचं नाही. रीत चांगलीच, पण हे पाच मिनिटांपूर्वी वर आलेले असले तरी पुन्हा कंदील सोडणार. "आरती पण म्हणा," असं मी म्हणायचो.

सहा वर्षांपूर्वी फ्रान्सचे एक म्हातारबाबा आमच्याकडच्या बागा बघायला आले. त्यांच्या घराण्याचा चार पिढ्यांचा द्राक्षमळा, तिथंच वाईन करायची, घरच्याच तळघरात मुरवायची. सोबत पुण्याची दुभाषी मुलगी होती. बाकीच्या बागाईतदारांनी त्यांना ट्रॅक्टर दाखवले, शेततळी दाखवली, फेटे बांधले. साडूभाऊंकडे आले तेव्हा हे आपले पेवात कंदील सोडत होते. म्हातारबाबा कंदील खाली जाऊन जळतच वर येईपर्यंत बघत उभे राहिले आणि मग डोक्यावरची टोपी काढली. मुलीने सांगितलं, त्यांच्या तळघरात नवी वाईन आंबत असते तेव्हा तशीच वाईट हवा साचते, म्हणून तेही असेच मेणबत्ती पुढे धरून उतरतात, आणि त्यांचा भाऊ एकदा न धरता उतरला होता. तो परत वर आला नाही. "ते विचारतात, तुम्हाला भीती वाटते का?" साडूभाऊ म्हणाले, "लई वाटती. बाबांना म्हणावं, सारखी वाटती." मग दोघं खाटेवर बसून राहिले. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला फ्रेंच. दोघंही दर थोड्या वेळाने आभाळाकडे बघत होते.

दुसऱ्या वर्षी ती मुलगी एक बाटली घेऊन आली. लाल वाईन, बाबांच्या मळ्यातली. बाटलीवरचं साल साडूभाऊंच्या लग्नाचं. त्या वर्षी तिकडे हिमाने द्राक्षं जळाली होती, उरली त्यांची थोडीशीच वाईन झाली, म्हणून जिवापाड जपलेली. निरोप असा की आडवी ठेवा, अंधारात, गारव्याला, हलवू नका. आणि "मी परत येईन तेव्हा दोघं मिळून पिऊ."

झालं! आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेल्या या माणसाने पोलिसांच्या भीतीने आधी दारू पिण्याचा परवाना काढला. आक्का आठवडाभर बोलली नाही. बाटली पेवात कोनाडा करून आडवी ठेवली आणि तिला ते "पावणं" म्हणू लागले. "आज लई ऊन हाय, पावण्याला सोसंल का?" गल्लीतून वरात निघाली तर हे डीजेवाल्यासमोर हात जोडून उभे, "भाऊ, आवाज कमी करा, आमच्याकडं म्हातारं माणूस झोपलंय." एकदा मी चिडून म्हणालो, "अहो, एक बाटली ती!" तर त्यांचे डोळे भरून आले. "एवढे मोठमोठे बागाईतदार सोडून माझ्याकडं ठेवली राव त्यांनी. माझ्या हातून खराब झाली तर मी काय तोंड दाखवू?" मी विषय बदलला.

म्हातारबाबा परत आलेच नाहीत. गेल्या माघात त्यांची नात आली, तीच दुभाषी मुलगी घेऊन. आजोबा हिवाळ्यात गेले. जाताना म्हणाले होते, कंदीलवाल्याकडे जा, माझा पेला तू पी. साडूभाऊंनी बाहीने डोळे पुसले. मग पहिलं वाक्य, "आन् खराब निघाली तर? आता तर माफी मागायला बी कुणी न्हाई."

मी म्हटलं, रडारड पुरे, पाहुणी खोळंबलीय. फरशी सरकवली, शिडी सोडली आणि "दोन मिनिटांत आणतो" म्हणत पाय आत टाकला. तोच मागून माझी कॉलर अशी ओढली गेली की शर्टाची दोन बटणं तुटली. "दिवा! आधी दिवा!" मी हसत होतो, खोटं कशाला बोलू. साडूभाऊंनी कंदील सोडला. अर्ध्यावर ज्योत बारीक झाली, निळसर झाली आणि विझली.

माझा एक पाय अजून शिडीच्या पहिल्या पायरीवर होता. तो मला उचलताच येईना. पावसाळ्यात कुठून तरी पाणी झिरपून खालचं बियाणं कुजलं आणि हवा नासली होती, हे नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त ते काळं तोंड दिसत होतं आणि माझी मुलं आठवत होती. साडूभाऊंनीच मला हाताला धरून बाजूला केलं. फवारणीचा ब्लोअर धुऊन ट्रॅक्टरला जोडला, त्याचं तोंड पेवाकडे केलं. अंगणाची जमीन थरथरायला लागली. मी म्हणालो, "पावणं हलेल की." तर म्हणाले, "हलू दे. माणूस म्हत्त्वाचं."

दोन तास वारा घातला. तीनदा कंदील सोडला, तिन्ही वेळा जळत वर आला. तरी उतरायला माझी छाती होईना. साडूभाऊंनी कमरेला दोर बांधला. आक्का म्हणाली, "राहू द्या ती बाटली, मला तुमी पाहिजे." ते म्हणाले, "ठेवणाऱ्यानंच काढायची असती गं." दोर माझ्या हातात दिला. "राव, मी बोलत राहीन. बोलणं थांबलं की वढायचं."

आणि ते उतरले. खालून आवाज येत होता, "लई अंधार हाय... पायाखाली वलं हाय... साप आसंल का ओ?... लई भ्या वाटतंय..." मला आयुष्यात कुठलाही आवाज इतका गोड लागला नव्हता. आणि अचानक तो थांबला. मी ओरडलो. उत्तर नाही. आक्काने माझ्या दंडात नखं रोवली. मी जीव खाऊन दोर ओढला, तेव्हा खालून, "अवो थांबा! पडंल की! हात जोडत व्हतो पावण्याला."

नातीने बूच काढलं, वास घेतला आणि ती रडायलाच लागली. साडूभाऊंचा चेहरा पांढरा पडला. "गेली का? गेली नं?" दुभाषी मुलीने आधी तिला जवळ घेतलं. मग म्हणाली, "नाही हो काका. ती म्हणते, आजोबांच्या तळघराचा वास आहे. चांगली आहे, खूप चांगली आहे." स्टीलच्या फुलपात्रांत वाईन ओतली. एक फुलपात्र फरशीवर कंदिलाशेजारी ठेवलं, बाबांचं म्हणून. ते नंतर नातीने घेतलं. साडूभाऊंनी डोळे मिटून एक घोट घेतला. कशी आहे, मी विचारलं. "तुरट," म्हणाले, "जांभळावानी," आणि लगेच आभाळाकडे बघितलं.

जाताना त्यांनी नातीला तो कंदील देऊन टाकला. आता दर रविवारी दुभाषी मुलीला फोन करतात, "पोरगी दिवा धरून उतरती का, विचारा." उतरते, असं उत्तर येतं. मग ते जेवतात.

मी राजुरीहून निघालो की ते गाडीपर्यंत येतात आणि म्हणतात, "पोचल्यावर फोन करा." वीस वर्षं म्हणताहेत. मी कधी केला नव्हता. मला ती कटकट वाटायची, आणि इतकी वर्षं तिकडे एक माणूस फोन हातात धरून बसत असेल हे कधी मनातच आलं नाही. आता घरी आलो की चप्पल काढायच्या आधी फोन लावतो. पहिल्या रिंगलाच उचलतात. "पोचलो," मी म्हणतो. "बरं झालं," ते म्हणतात, "आता आमी झोपतो."