मागचा ब्रेक

एकदा घाबरून फक्त पुढचा ब्रेक दाबला आणि बायकोला खडीवर पाडलं. ते मनातून जाईना, म्हणून एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकं धरणारी स्कूटर घेतली. तरी पैठण रोडच्या पेट्रोल पंपावर उतरलेली बायको पुन्हा मागं बसेना. मी ब्रेक समजावत राहिलो.

शेजारी एक उपरणंवाला जुन्या मोटारसायकलची टाकी थोपटत ऐकत होता. "आमचे ब्रेक सुटे हायत, वहिनी," तो शेजारच्या बायकोकडं मान हलवत म्हणाला. "पुढचा मी दाबतो, मागचा हिच्याकडं."

"पाठीत कोपर हाणते, तवा ह्यांचा पाय हलतो," त्याची बायको म्हणाली.

माझी बायको खळखळून हसली आणि मागं बसली. चितेगावपर्यंत एकही गतिरोधक तिनं कोपराशिवाय जाऊ दिला नाही. पाठ ठणकत होती आणि मी कितीतरी दिवसांनी सुखात गाडी चालवत होतो.